रेषा दिसू नये, डोळे दिसावेत : त्रेसष्टीतल्या डोळ्यांच्या लायनरचं एक प्रकरण

हे प्रकरण आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या काकूंचं आहे. वय त्रेसष्ट. घरची चार एकर कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलींना त्यांनीच वाढवलं. धाकटीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, मांडव घरापुढेच आणि मुहूर्त दुपारचा. साक्षगंधाच्या दिवशी भाचीने हौसेने त्यांना काळं लिक्विड लायनर आणि डोळ्यांच्या आत काजळ लावून दिलं. त्या दिवसाचे फोटो मोबाइलवर आले तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत, पण लग्नात कोणी माझ्या डोळ्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी घरात सांगून टाकलं. फोटोत त्या रडून आल्यासारख्या दिसत होत्या. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यांच्याइतकं खूश घरात कोणी नव्हतं.

मोठी मुलगी त्यांची समजूत घालून माझ्या पार्लरमध्ये घेऊन आली. काकूंनी आपलं म्हणणं एका दमात सांगितलं : "मले डोये दिसाले पायजे, पोरी. लावलं हाय हे कोणाले दिसाले नोको."

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. त्यातल्या दुसऱ्या भागाचं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण आपल्याकडे ते सांगावं लागत नाही. नवरा नसलेली बाई नटलेली दिसली की चार जणी बोलतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि १७ मे २०२२ ला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तरी मांडवात जावा-नणंदा काय म्हणतील, ही काकूंची धास्ती होतीच. माझ्या मते मुलीच्या लग्नात आईने हवं तेवढं नटावं, कुंकूसुद्धा लावावं. पण गाव त्यांचं, चेहरा त्यांचा आणि दिवसभर लोकांपुढे उभं राहायचं होतं तेही त्यांनाच. त्यांची अट मी जशीच्या तशी धरली. आणि साठीपुढच्या डोळ्यांसाठी तीच अट तांत्रिकदृष्ट्याही सगळ्यात योग्य असते, हे या प्रकरणात ठळकपणे दिसून आलं.

डोळ्यांची पाहणी

लायनर उघडण्याआधी मी त्यांना दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. पार्लरमधली ट्यूबलाइट डोक्यावरून येते, भुवईची सावली पापणीवर पडते आणि पापणी आहे त्यापेक्षा जड दिसते. दारातला सकाळचा उजेड समोरून येतो, तो काही लपवत नाही.

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालेलं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला, पण अजून पिकलेला नाही. वारा लागला की दोन्ही डोळ्यांतून पाणी येतं, उजव्यातून जास्त. जवळचं बघायला चष्मा लागतो. अनेक वर्षं चुलीपुढे गेलेली आणि त्याहून जास्त कापूस वेचताना उन्हात. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन घडीवरून खाली आलेली, उजवीकडे जास्त. बाहेरच्या कोपऱ्याजवळ पापण्यांचे केस जवळजवळ गेलेले, राहिलेल्यांत काही पांढरे.

इथे एक गोष्ट तपासावीच लागते. पापणी जड दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात. कातडी सैल होऊन केसांवर ओथंबते तो एक प्रकार. पापणीची कडच खाली उतरून बुबुळाचा भाग झाकते तो दुसरा, त्यात पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याचा पडदा ढिला झालेला असतो. काकूंचा पहिला प्रकार होता. घडीची कातडी बोटाने हळूच वर धरली की पापणीची कड जिथे हवी तिथेच होती. पण एखाद्या बाईची एकच पापणी अचानक पडली असेल, सोबत दोन-दोन दिसत असेल किंवा डोकं खूप दुखत असेल, तर तिला मेकअपच्या खुर्चीवर न बसवता त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. पार्लर चालवणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत हवं असं मला फार वाटतं, कारण खेड्यातली बाई डॉक्टरकडे जाण्याआधी पुष्कळदा आपल्याकडे येते.

ऑपरेशनला तीन महिन्यांच्या वर झाले होते. तरी मी काकूंना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. डॉक्टरांनी बाहेरून लावायला हरकत नाही म्हटलं, पापणीच्या आत काही नको असं बजावलं आणि डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब लिहून दिले. काकूंना याचं नवल वाटलं. पाणी येतं तो डोळा कोरडा कसा? खरं तर पाळी गेल्यानंतर बायकांचे डोळे कोरडे पडणं अगदी नेहमीचं आहे. अश्रूंचा वरचा तेलकट थर कमी पडला की पाणी लवकर उडून जातं, डोळ्याला खुपतं आणि मग एकदम भळकन पाणी सुटतं. वयाने खालची पापणी सैल झाली की ते पाणी नाकाकडच्या वाटेने पुरतं जात नाही, गालावर येतं. काकूंच्या बाबतीत ते बाहेरच्या कोपऱ्यातल्या सुरकुतीतूनही ओघळत होतं. म्हणजे लायनरची शेपटी जिथे काढायची रीत आहे, नेमकी तीच जागा सतत ओली.

साक्षगंधाच्या दिवशी काय बिघडलं

भाचीचा हात वाईट नव्हता. तिने स्वतःच्या बावीस वर्षांच्या डोळ्याला जे शोभतं तेच मामीच्या डोळ्याला केलं. फोटो मोठे करून पाहिल्यावर बिघाडाच्या जागा एकेक करून कळल्या.

डोळा मिटून, पापणी बाहेरच्या बाजूला ताणून रेषा काढली होती. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. वयाने तिच्यातलं कोलॅजन आणि इलॅस्टिन, म्हणजे तिला घट्ट आणि लवचीक ठेवणारे धागे, कमी झाले की ती ताण सोडल्यावर पहिल्यासारखी सपाट बसत नाही, चुरगळते. ताणून काढलेली सरळ रेषा हात सोडताच करवतीसारखी दातेरी झाली. वर ओथंबलेली घडी ओल्या लायनरला टेकली आणि डोळा उघडल्याबरोबर त्याचा शिक्का वरच्या कातडीवर उमटला. त्यात घाम. रेषा पापणीच्या कडेकडेने थेट बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत नेली होती. तरुणपणी तो कोपरा वर चढलेला असतो, साठीत खाली कललेला. रेषाही त्याच्यासोबत खाली गेली आणि चेहऱ्यावर दुःख आलं. खालच्या ओल्या कडेतलं काजळ पाण्यासोबत वाहून डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्यांत जाऊन बसलं, त्याने डोळे खोल गेल्यासारखे दिसले.

आणि रंग. केस पांढरे झाले, भुवया विरळ झाल्या, कातडीचा उठाव कमी झाला की गडद काळी चकचकीत रेषा चेहऱ्यापासून सुटी पडते. बघणाऱ्याला आधी ती दिसते, मग डोळा. काकूंची मागणी बरोबर याच्या उलट होती.

काजळाचा प्रश्न

काकूंना पेन्सिल नको होती. "काजयच लाव नं, घरचं हाय." त्या दरवर्षी एरंडेलाच्या दिव्यावर काजळी धरतात आणि तुपात खलून चांदीच्या डबीत ठेवतात. त्यांच्या आईनेही असंच केलं, दोन्ही मुलींच्या डोळ्यांत तेच गेलं. या डबीला नाही म्हणणं सोपं नव्हतं आणि मला ते रुक्षपणे म्हणायचंही नव्हतं.

घरच्या काजळात शिसं नसतं, ही तिची जमेची बाजू. बाजारात मिळणाऱ्या काही पारंपरिक सुरम्यांत शिशाचं खनिज असतं, त्यापासून लांबच राहावं. पण काजळी म्हणजे कार्बनचे बारीक कण, आणि तूप मे महिन्यात पातळ होतं. ते डोळ्यात गेलं की कण अश्रूंच्या थरात तरंगतात. पापणीच्या कडेवर, केसांच्या आतल्या बाजूला मायबोमियन ग्रंथींची तोंडं असतात, वरच्या पापणीत साधारण पंचवीस ते चाळीस. डोळा कोरडा पडू न देणारं तेल त्यांतूनच येतं. तीच तोंडं आपण काळ्या लेपाने बुजवतो. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी पेन्सिल लायनरवर केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की आतल्या कडेला लावलेल्या लायनरचे कण बाहेर लावलेल्यापेक्षा जास्त आणि लवकर अश्रूंत उतरतात. आधीच कोरड्या आणि त्यात ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हे परवडणारं नाही.

मी काकूंना एवढंच सांगितलं की या काजळाला लग्नात मान मिळेल, पण डोळ्याच्या बाहेर. नवरीच्या कानामागे तीट लावायची ती याच डबीतली. त्यांना ते पटलं, आणि पेन्सिलीचा विषय तिथे सुटला.

काय वापरलं

मऊ टोकाची, गर्द तपकिरी, न चमकणारी पेन्सिल. नवी आणली, फक्त त्यांच्यासाठी. सीझनमध्ये एकच काजळपेन्सिल वीस जणींच्या डोळ्यांना फिरते हे मी पाहिलेलं आहे आणि ते मला अजिबात मान्य नाही. डोळे आले असतील तर ते घराघरात पोचतात. ज्यांच्या डोळ्याला टाके किंवा भिंग बसलेलं आहे त्यांच्यासाठी तर हा सरळ धोका आहे. शे-दीडशे रुपयांची पेन्सिल गिऱ्हाइकाने स्वतःची घ्यावी आणि लग्नानंतर घरी न्यावी.

पेन्सिलीवरून दाबायला त्याच रंगाची मॅट आयशॅडो आणि तिरप्या टोकाचा चपटा, बारीक ब्रश. पेन्सिलीतला मेण-तेलाचा अंश उन्हात सैल होतो, कोरडी पूड वरून दाबली की तो जागेवर राहतो. लिक्विड लायनर बाजूलाच ठेवलं. त्याला सपाट, न हलणारी कातडी लागते आणि या वयात ती नसते. पेन्सिलीचा ठिपका आदल्या दिवशी कानामागे लावून पाहिला, खाज-पुरळ काही आलं नाही.

ट्रायल

ट्रायल मुद्दाम दुपारी घेतली, मुहूर्ताच्याच वेळेला. सकाळी कूलरसमोर बसवून केलेल्या मेकअपवरून वैशाखातल्या दुपारचं काही कळत नाही.

आधी थेंब. थेंब टाकून काही मिनिटं थांबले, मग कापसाने पापणीची कड टिपून घेतली. पापणीवर क्रीम लावलं नाही, कारण तेलकट पापणीवर पेन्सिल घसरते. अगदी पातळ हाताने पावडर लावली.

मग काकूंना डोळे उघडे ठेवून सरळ माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं. साठीपुढच्या डोळ्याचं सगळं मोजमाप उघड्या डोळ्यावर घ्यायचं असतं. मिटलेल्या पापणीवर जागा भरपूर दिसते, उघडल्यावर त्यातली बरीचशी घडीखाली जाते. उघड्या डोळ्यात जेवढी पापणी उरते तेवढीच आपली. काकूंच्या डाव्या डोळ्यात ती थोडी होती, उजव्यात जेमतेम.

भुवईखाली अंगठा टेकवून कातडी सरळ वर उचलली, किंचितच, बाजूला अजिबात ताणली नाही. त्यांनी नजर खाली केली. पेन्सिलीचं टोक केसांच्या मुळांमध्ये वरून टेकवत गेले. रेघ ओढायची नाही, ठिपके द्यायचे, दोन केसांच्या मधल्या जागेत. हे या कामाचं मर्म आहे. वयाने केस विरळ होतात तशी त्यांच्या मधली फिकी कातडी दिसू लागते आणि डोळ्याची चौकट पुसट होते. ती जागा भरली की केस दाट वाटतात, डोळ्याला कड येते आणि कातडीवर रेषा म्हणून काहीच उमटत नाही. चुरगळायला जागाच उरत नाही, कारण लायनर कातडीच्या सपाटीवर नाहीच.

सुरुवात मधून केली, बुबुळाच्या वरून. आतल्या कोपऱ्याकडे ठिपके विरळ करत सोडून दिले. बाहेरच्या बाजूला शेवटचा खरा केस जिथे आहे तिथे थांबले, कोपऱ्यापर्यंत गेले नाही. कोपरा खाली कललेला असेल तर त्याच्या आधीच थांबायचं, मग बघणाऱ्याची नजर वरच राहते. नंतर ब्रशवर पूड घेऊन त्या ठिपक्यांवर दाबली, घासली नाही. खालच्या पापणीला काही नाही.

दोन्ही डोळे सारखे करण्याचा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि त्यात पुष्कळ जणी उलटं करतात. जो डोळा लहान दिसतो त्याला जाड लायनर लावतात. पण जाड रेषा त्या डोळ्याची उरलीसुरली पापणी खाऊन टाकते आणि तो आणखी मिटल्यासारखा दिसतो. काकूंच्या उजव्या डोळ्याला मी फक्त मुळांत ठिपके दिले. डाव्या, जास्त उघड्या डोळ्याला मुळांच्या वर दोऱ्याएवढी पुडीची सावली वाढवली. दोन्हीकडे दिसणारी पापणी सारखी झाली. वरच्या केसांना कर्लरने हलका बाक आणि मस्काऱ्याचा एक हात. भुवयांत फिक्या तपकिरी पुडीने विरळ जागा भरल्या. नकली पापण्यांचा विषय मी काढलाच नाही, त्यांचा डिंक अशा डोळ्याजवळ नको.

दोन तास काकूंना मी पार्लरमध्येच ठेवून घेतलं. चहा झाला, मोठ्या मुलीसोबत आहेराच्या साड्यांची यादी झाली. मग पुन्हा दाराच्या उजेडात पाहिलं. डावा डोळा जसाच्या तसा. उजव्याच्या बाहेरच्या बाजूला पेन्सिल पाण्याने हलली होती आणि घडीच्या कोपऱ्याला पुसट डाग आला होता. म्हणून लग्नासाठी एक बदल ठरवला : उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात पेन्सिल नाहीच, फक्त कोरडी पूड. तिथला रंग थोडा कमी पडणार होता. पण पुसट असलेलं कोणाच्या लक्षात येत नाही, पसरलेलं मात्र सगळ्यांना दिसतं.

काकूंनी आरसा बराच वेळ धरून ठेवला. चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही आणि चष्मा घातला की पापणी भिंगाआड जाते, म्हणून मी त्यांना मोठं दाखवणारा आरसा दिला. त्या म्हणाल्या, "हे तं माहेच डोये हाय."

लग्नाचा दिवस

मांडवातलं ऊन, दुपारी गेलेली लाइट, पंक्तीची धावपळ हे सगळं जसं असतं तसंच होतं. काकूंचं काम मी हळदीच्या आंघोळीनंतर, नवरीच्याही आधी उरकलं, कारण एकदा नवरी बसली की आईला कोणी खुर्ची देत नाही. मोठ्या मुलीच्या हातात धुतलेला मऊ सुती रुमाल घडी करून दिला. पाणी आलं की पुसायचं नाही, रुमालाचं टोक कोपऱ्याला टेकवून टिपायचं. आणि डोळ्यातून पाणी येवो न येवो, ठरल्या वेळी थेंब टाकायचेच.

पाठवणीला त्या खूप रडल्या. रडणारच होत्या, आणि लायनर त्या हिशेबानेच केलं होतं. खाली वाहून जाण्यासारखं काही नव्हतंच. वरच्या मुळांतला रंग संध्याकाळी फिका झाला होता, पण पसरला नव्हता. धाकट्या जावेने मोठ्या मुलीला विचारलं, "तुही माय तरतरीत दिसून रायली आज, डोयाचं ऑपरेशन चांगलं झालं वाटते." तेवढी एकच शेरेबाजी झाली.

काढणं आणि पुढचं

रात्री उतरवायला त्यांना तेल वापरायचं होतं. खोबरेल तेलाने पेन्सिल निघते, पण ते डोळ्यात उतरलं की धूसर दिसतं आणि जळजळतं, म्हणून बोटाने चोळायचं नाही. कापूस जेमतेम ओला करून मिटलेल्या पापणीवर थोडा वेळ धरायचा, मग वरून खाली एकदाच ओढून घ्यायचा. नंतर साध्या पाण्याचा कापूस. पातळ कातडी रोज घासली की ती आणखी सैल होते. मस्कारा तीन महिन्यांत टाकून द्यायचा, तो वाळला नसला तरी.

काकू आता आर्वीच्या बाजाराला येताना स्वतःच्या हाताने ठिपके देतात. कोपर टेबलावर टेकवायचं, करंगळी गालाला लावायची, आरसा छातीच्या उंचीला धरून नजर खाली सोडायची, म्हणजे हात थरथरत नाही आणि पापणी आपोआप उघडी होते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे. तारीख मिळाली की त्याच्या काही दिवस आधीपासून लायनर पूर्ण बंद, आताची पेन्सिल फेकून द्यायची, आणि डॉक्टर हो म्हणाले की नवी घ्यायची, हे मी त्यांच्या मोठ्या मुलीला लिहून दिलं आहे.